सहा लीडर आणि एक लंगूर

“शुक्रवार को ट्रस्टी साहब आ रहे हैं. तब तक बंदर नहीं गए, तो आपका कमरा स्टोररूम बनेगा,” प्रिन्सिपल भाटिया मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. म्हणजे मी आता निघावं.

गाझियाबादच्या एका शाळेत मी ‘गिफ्टेड’ मुलांचा वर्ग घेतो. गिफ्टेड म्हणजे ज्यांची बुद्धी वयाच्या पुढे धावते अशी मुलं. त्यांच्यात कल्पकता आणि नेतृत्व रुजवायचं, याचाच मला पगार मिळतो. मुलं सहा, खोली एक. खोली गेली की वर्गही गेला.

मधल्या सुट्टीत गच्चीवरून माकडं उतरायची आणि पोरांचे डबे पळवायची. एवढी हुशार मुलं आहेत तर हे सोडवून दाखवा, असं मॅडमचं म्हणणं.

मी मुलांना ब्रेनस्टॉर्मिंगला बसवलं. म्हणजे डोक्यात येईल ते बोलून टाकायचं. नियम एकच: कुणाच्याही कल्पनेला ‘नाही’ म्हणायचं नाही. हा नियम मीच फळ्यावर ठळक लिहिला होता.

“सर, बाबांच्या ऑफिसमध्ये लंगूरचा आवाज काढणारे अंकल आहेत. बंदर एकदम पळतात,” दिल्लीतल्या मयूर विहारची इरा म्हणाली. “आपण पण तेच करूया ना.”

लंगूर म्हणजे काळ्या तोंडाचं वानर; लाल तोंडाची माकडं त्याला घाबरतात. दिल्लीत सरकारी इमारतींवर खरंच अशी माणसं नेमतात. कल्पना झकास होती.

“मग लंगूर कोण होणार?” मी विचारलं.

लंगूर व्हायला कुणीच तयार नव्हतं. कबीर प्रोजेक्ट हेड होता. इरा स्ट्रॅटेजी हेड. उरलेले चौघंही कशाचे ना कशाचे हेड. वर्षभर मी शिकवलेलं नेतृत्व त्यांना जरा जास्तच आलं होतं.

“सर, तुम्हीच बना ना, प्लीज,” इरा म्हणाली.

मी तोंड उघडलं. कबीरनं शांतपणे फळ्याकडे बोट दाखवलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी गच्चीच्या दाराशी उभा राहिलो. सुटलेलं पोट, त्यावर टाय.

“हूप,” मी म्हणालो.

माकडांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पराठ्यात लक्ष घातलं.

“सर, बहुत पोलाइट है,” मागून कबीर.

“सर, पोटातून!” इरा.

“सर, रुको मत,” तिसरा हेड.

मला रडू यायचंच बाकी होतं. खोली डोळ्यांदेखत जात होती. मग मी गुडघे वाकवले, काखा खाजवल्या, डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडलो, “हूऽऽऽप!”

डोळे उघडले तर शेजारी मॅडम आणि ट्रस्टी. माकडं जागच्या जागी.

तेवढ्यात इरा फिस्सकन हसली. माझी दया आली असावी. ती माझ्या बाजूला आली, तिनंही गुडघे वाकवले आणि अशी काही हूप केली की मीच दचकलो. मग कबीर आला. मग बाकीचे. सात लंगुरांनी गच्ची दणाणून सोडली आणि माकडं पराठ्यासकट भिंतीपलीकडे पसार झाली. एवढा अभिमान मला त्यांच्या मार्कांचाही कधी वाटला नव्हता.

“वाह! इनमें लीडर कौन है?” ट्रस्टींनी विचारलं.

वर्षभरात पहिल्यांदाच सहाही जणांचं एकमत झालं. सगळी बोटं माझ्याकडे वळली. मी अजून वाकलेलाच होतो.

खोली वाचली. आता भर तासात शिपाई दारात येऊन म्हणतो, “सरजी, ऊपर आ गए,” आणि आम्ही सातही जण उठतो.

मुलांना नेतृत्व शिकवायचं असेल तर हेडची पदं नंतर वाटा. आधी लंगूर ठरवा.