खरे डॉक्टर बोलवा म्हणालो

मित्रांनो, आज सकाळी खारघरच्या एका हॉस्पिटलात मी अक्कल पाजळून आलो.

बाबांना दोन दिवस चक्कर येत होती. तपासायला नर्स प्रॅक्टिशनर आल्या, म्हणजे रुग्ण तपासायचं जादा शिक्षण घेतलेल्या नर्स. मी फर्मावलं, "सिस्टर, बीपी बघा आणि खऱ्या डॉक्टरांना पाठवा."

"पाठवते. आधी गोळ्यांची पिशवी बघू."

पिशवीत बीपीचं एकच औषध दोन नावांनी निघालं, दोन डॉक्टरांनी दिलेलं. दोन्ही रोज मीच देत होतो. त्यांनी डॉक्टरांशी फोनवर बोलून एक बंद केलं.

बाबा म्हणाले, "म्हणजे रोग घरातच होता!"

त्या मात्र म्हणाल्या, "आजोबा, मुलगा गोळ्यांची वेळ चुकवत नाही, हे काय कमी आहे?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माफी माझ्या तोंडून निघालीच नाही. तुमच्या निघाली असती?