कॅप्टनची भुवई

मी सूड घेतला आणि मला त्याची लाज वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

तेव्हा मी महापेच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत होते. परदेशातली एक विनोदी मालिका आमच्याकडे यायची. पात्रं त्यांनी काढलेली, त्यांना हलवायचं काम आमचं. मालिका अंतराळयानावरच्या सगळ्यात खालच्या हुद्द्याच्या लोकांची. कॅप्टन ग्रह वाचवायचा आणि हे बिचारे मागून फरशी पुसायचे. एका भागात यानात एक चिकट प्राणी फुटतो आणि सफाईवाली तो सगळा राडा एकटी पुसून काढते. तो शॉट माझ्याकडे आला.

आई तळवलीहून रोज घणसोलीच्या शाळेत फरश्या पुसायला जायची. तिला घरात पुसायला लावून मी मोबाइलवर शूट केलं. फडकं पिळताना तिचा डावा खांदा वर जातो. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठते आणि बादलीकडे असं बघते, जणू सगळा दोष बादलीचाच. हे सगळं मी त्या सफाईवालीत उतरवलं. "शेवटी माझं नाव येईल, बघच," असं आईला सांगून बसले.

आमच्या टीमच्या प्रमुखाची, म्हणजे लीडची, एक सवय होती. काम क्लायंटकडे जाण्याआधी तो शॉट्सची यादी उघडायचा, चांगले शॉट स्वतःच्या नावावर करायचा आणि फसलेले आमच्या नावावर तसेच ठेवायचा. पडद्यावरची नावं त्याच यादीवरून ठरायची. माझा शॉट क्लायंटने डोक्यावर घेतला आणि नाव लागलं त्याचं. विचारलं तर म्हणाला, "टीमवर्क असतं गं. टेन्शन कशाला घेते?"

भाग लागला तेव्हा आईने स्वतःला लगेच ओळखलं. "यो त माजाच खांदा हाय!" मग नावं सरकायला लागली. आईला इतकं भरभर वाचता येत नाही, म्हणून मी बोट दाखवीन याची वाट बघत ती माझ्याकडेच बघत राहिली. नावं संपली. "तुजा नाव कुठं हाय?" घाईत गेलं, मी म्हटलं. आईशी खोटं बोलायला लावलं मला त्या माणसाने. त्या दिवसापासून मी डूख धरला.

पुढच्या भागात मला कॅप्टन मिळाला. आमचा लीड कुणावर ओरडण्याआधी दोन्ही कोपरांनी पँट वर सरकवतो, करंगळी जिभेला लावतो आणि भुवई नीट बसवतो. आठवडाभर मी त्याच्याकडे इतकं मन लावून बघत होते, की तो खूश झाला. कॅप्टन खालच्या लोकांना झापायला येतो, त्या शॉटमध्ये मी सगळं घातलं. पँट, करंगळी, भुवई. रागात माझा हात फार चांगला चालतो.

लीड शॉट तपासायला बसला आणि पोट धरून हसला. स्वतःला ओळखलंच नाही! मग यादी उघडून त्याने माझं नाव खोडलं आणि स्वतःचं टाकलं. मी मागे उभी राहून बघत होते.

भाग पूर्ण झाला की आम्ही सगळे तो कॅन्टीनमध्ये बघायचो. पडद्यावर कॅप्टनची करंगळी भुवईवर फिरली आणि चहाचे कप गोळा करणाऱ्या मावशी मोठ्याने म्हणाल्या, "अगो, यो त आपला सायेब हाय!" कॅन्टीन हसून हसून लोळायला लागलं. लीड उठला, दोन्ही कोपरांनी पँट वर सरकवली आणि ओरडला, "कोणी केला हा शॉट?"

यादी सांभाळणाऱ्या मुलीने लॅपटॉपवर बघून सांगितलं, "सर, तुमचंच नाव आहे."

तो चहा मी सावकाश प्यायले.

त्यानंतर त्याने यादीला हात लावला नाही. माझं नाव येतं आता, आई बोट ठेवून दाखवते. पण तो जुना भाग लागला की खांद्याचा शॉट बघून ती रिमोट उचलते आणि नावं यायच्या आधी टीव्ही बंद करते. मला वाईट वाटू नये म्हणून. त्यामुळे माझा हिशेब अजून मिटलेला नाही.