एकोणीस बुधवारांची भरपाई

आमच्या लातुरात तास बुडला की घरात कुणी गेल्यासारखं वातावरण होतं. मी ज्या हॉस्टेलवर स्वयंपाक करते तिथं चाळीस पोरी राहतात आणि चाळीसच्या चाळीस डॉक्टर होणार आहेत. एकदा त्यांच्या क्लासचे फिजिक्सचे सर तापानं पडले, दोन तास झाले नाहीत. त्या संध्याकाळी पोळ्या तशाच उरल्या. परभणीहून, बीडहून, थेट जळगावहून बापांचे फोन सुरू झाले. क्लासवाल्यांनी रविवारी सकाळी दोन्ही तास भरून दिले, वर एक जास्तीचा दिला. सरांचा घसा बसला होता म्हणून माइक लावला, पण शिकवलं.

पोरी जेवायला आल्यावर मी विचारलं, "म्हणजे बुडालेले तास परत देतात?"

"द्यावेच लागतात, ताई," एक म्हणाली. ही हदगावकडची, म्हणजे माझ्याच मुलखातली, म्हणून माझ्याशी जरा जास्त बोलायची. "चूक त्यांची हाय ना. मग भरपाई कोण करंल?"

मी पोळ्या लाटायला आत गेले, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. कारण माझ्या लेकीचे एकोणीस बुधवार बुडाले होते, आणि मी कुणाला फोन केला नव्हता. उलट आभार मानले होते. लेखी.

लेक सात वर्षांची. तिला ऐकू येत नाही. यंत्र लावलं की थोडे आवाज आत जातात, पण गेलेल्या आवाजाचं काय करायचं ते शिकवावं लागतं. त्यासाठी तिच्या सरकारी शाळेत दर बुधवारी दुपारी दोनला बोलणं शिकवणारे सर यायचे. हात चांगला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. जूनपासून दसऱ्यापर्यंत आरशासमोर बसवून त्यांनी तिच्याकडून 'बाबा' काढून घेतलं, 'पापड' काढून घेतलं. 'आई' अवघड, म्हणाले. प आणि ब ओठांवर दिसतात. आई म्हणजे नुसता वारा, तो ऐकावाच लागतो. दसऱ्याच्या सुमाराला ती माझ्याकडं बघून 'आ' म्हणायची आणि थांबायची. पुढची ई तेवढी राहिली होती. तिचा बाप डाळ मिलमध्ये दिवसभर पोती उचलतो, घरी असतो ते झोपायला, पण त्याला त्याची हाक आयती मिळून गेली होती. मी माझ्या ईची वाट बघत होते.

माझं शिक्षण सातवी. आमच्या गावात शाळाच तेवढी. पुढं हदगावला एसटीनं जावं लागायचं, आणि एसटीत बसलेली पोरगी बिघडते असं गावाचं संशोधन होतं. ते संशोधन करणारांतला एकही जण आठवी पास नव्हता. पुढं लग्न झालं आणि नांदेड जिल्ह्याच्या त्या टोकाहून मी इथं आले. माहेरचं माणूस यायचं म्हणजे दोन गाड्या बदलून, त्यामुळं कुणी येत नाही. परक्या गावात राहायचं तर जपून राहावं लागतं. शिकलेला माणूस समोर आला की मी आधी थँक्यू म्हणते आणि मग त्याचं काय काम आहे ते विचारते.

दसऱ्यानंतरच्या बुधवारी सरांनी नोंदवही पुढं केली. तास झाला की पालकानं सही करायची असा नियम. सर म्हणाले, "ताई, पुढच्या पण करून ठेवा. काम सोडून तुमी सारखं येऊन राहिले, उगा त्रास तुम्हाला."

माझ्या त्रासाचा विचार करणारा माणूस बऱ्याच वर्षांनी भेटला होता. मी वीस ओळींवर वीस सह्या केल्या. पूर्ण नाव, आडनावाखाली लफ्फा. तारखेची जागा कोरी राहिली, ती ते भरणार होते. वहीच्या तळाला अभिप्राय लिहायला जागा होती, तिथं 'सर खूप छान शिकवतात, आभारी आहे' असंही लिहिलं.

त्या दिवशीचा तास झाला. नंतरचे एकोणीस झाले नाहीत.

मी मात्र जात राहिले. दुपारची भांडी आवरून दोनच्या आधी शाळेत, लेकीला घेऊन त्या खोलीबाहेर. मुख्याध्यापक बाई म्हणायच्या, सर प्रशिक्षणाला गेलेत. सर सर्वेक्षणाला गेलेत. निवडणुकीचं काम लागलंय. चाकूरचा माणूस रजेवर आहे म्हणून तिकडच्या शाळाही सरांकडंच आहेत. सगळं खरं होतं. आपल्या देशात मुक्या लेकरांना बोलायला शिकवणारा माणूस एवढा उपयोगी असतो की त्याला कुठंही लावता येतं. मी जास्त विचारलं नाही. विचारलं आणि त्यांनी राग धरून यायचं बंद केलं तर काय घ्या. ते येतच नव्हते, हे त्या भीतीला कोण सांगणार.

होळीपर्यंत लेकीचा 'आ' पण गेला. आरशासमोर बसवलं की ती माझ्या ओढणीच्या टोकानं आरसा पुसायची.

तर तो भरपाई शब्द मिळाल्यावर मी अर्ज लिहिला. विषय: बुडालेल्या तासांची भरपाई मिळणेबाबत. 'बाबत' हा शब्द मला सातवीपासून आवडतो. आधार कार्ड, लेकीचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यंत्राची पावती, रेशन कार्ड, सगळं दोन-दोन झेरॉक्स करून पिशवीत घातलं आणि पंचायत समिती उघडायच्या तासभर आधी जाऊन उभी राहिले. तिथल्या पहिल्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी अर्जातला एकच शब्द वाचला.

"भरपाई. पीक कोणतं?"

"पीक न्हाई साहेब."

"मग कशाची भरपाई? सोयाबीन का तूर? सातबारा आणला का?"

"मुलगी हाय."

त्यांनी मान वर केली. "मुलगी वाहून गेली?"

"न्हाई, ही काय."

लेक माझ्या मागं उभी होती. त्यांनी तिला नीट बघून घेतलं. नुकसान काही दिसेना, म्हणून मग दुसऱ्या टेबलावर पाठवलं. ते टेबल शिक्षणाचं. तिथल्या भाऊंनी प्रमाणपत्र बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम मायाळू झाला. "भत्ता आला न्हाई का? पासबुक दाखवा." मी म्हणाले, पैसे नकोत, तास पाहिजेत. ते हसले. "ताई, तास कुठून देऊ? तास काय आमच्याकडं येतात का?" सरकारकडं वेळ नसतो हे मी ऐकून होते, पण इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर पाण्याच्या टाकीजवळ शिपाई मावशी बसल्या होत्या. गळ्यात निळा दोरा. मी जयभीम घातला, त्यांनीही घातला आणि सरकून जागा दिली. अर्ज वाचून म्हणाल्या, "चांगला लिव्हला की. पण हातात घेऊन काय फिरतीस? आवक-जावकला टाक. शिक्का मारून पोच घे. पोच न्हाई घेतली तर तू इथं आलीच न्हाईस."

मी पोच घेतली. घरी येऊन ती पिशवीत ठेवली, मग काढून डब्यात ठेवली, मग परत पिशवीत. पंधरा दिवसांनी बोलावणं आलं.

गटशिक्षणाधिकारी मॅडमच्या केबिनमध्ये सर आधीच बसले होते. मी घाबरून त्यांनाच नमस्कार केला. मॅडमनी नोंदवही उघडून माझ्याकडं फिरवली. वीस ओळी, वीस तारखा, वीस लफ्फे.

"सही तुमची?"

"हो."

"मग तास झाले की."

"न्हाई झाले मॅडम."

"न झालेल्या तासावर सही कोण करतं?"

याला उत्तर असं की, ज्याला कुणी आधी कधी सही मागितली नाही तो करतो. पण तोंडातून निघालं ते "चुकलं मॅडम." सर पंख्याकडं बघत होते. मॅडमनी खालचा माझा अभिप्रायही मोठ्यानं वाचून दाखवला. मग बहुतेक दया आली असावी, त्या पानाची झेरॉक्स दिली आणि घरी जाऊन नीट आठवून बघा म्हणाल्या.

मी ती झेरॉक्स हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात ओट्यावर टाकली आणि कांदे कापायला घेतले, म्हणजे डोळ्यांना कारण मिळालं. हदगावची पोरगी ताट ठेवायला आत आली, कागद उचलला आणि भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या कॅलेंडरखाली जाऊन उभी राहिली. पुस्तक वाचताना बोट फिरवते तसं फिरवलं.

"ताई, तुमचे सर लई कष्टाळू हायत."

"का गं?"

"दिवाळीच्या सुट्टीत दोनदा येऊन गेले. मतदानाच्या दिवशी आले, त्या शाळेत तर बूथ होतं. नाताळला आले. शिवजयंतीला आले. महाशिवरात्रीला पण न्हाई सोडलं."

सरांनी तारखा टाकताना बुधवारामागून बुधवार टाकले होते. शाळेला कुलूप होतं की रांग होती, हे बघितलं नव्हतं. सहा बुधवार. कुलूपबंद शाळेत, उपाशी पोटी, बोटाला शाई लावून त्यांनी माझ्या लेकीला शिकवलं होतं आणि मी कृतज्ञतेनं सही केली होती.

दुसऱ्या खेपेला मी कॅलेंडरची पानंच घेऊन गेले. मॅडमनी ती पानं बघितली, मग सरांकडं बघितलं.

"तारखा ओळीनं टाकल्या गेल्या, मॅडम," सर म्हणाले.

टाकल्या गेल्या. सरकारी कामात कुणी काही करत नाही, सगळं आपोआप केलं जातं.

मॅडम मला म्हणाल्या, "सरांवर कारवाई पाहिजे असंल तर वेगळा अर्ज द्या."

सरांच्या कपाळावर घाम होता. त्यांनाही लेकरं असतील. आणि त्यांना काढलं तर त्यांच्या जागेवर कोण येणार, हे मला माहीत होतं: कुणी नाही. "कारवाई नको मॅडम. एकोणीस तास तेवढे द्या."

मॅडमनी कागदावर हिशोब केला. "एकोणीस कसे? सहा दिवस सुट्टीचे. सुट्टीच्या दिवशी तास नसतोच, मग तो बुडंल कसा? तेरा."

ज्या सहा बुधवारांनी मला खरं ठरवलं, तेच सहा त्यांनी वजा केले. मला राग यायला पाहिजे होता. मी थँक्यू म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मनापासून म्हणाले. तेरा तासांचा लेखी आदेश माझ्या हातात होता, दर शनिवारी शाळा सुटल्यावर, बुधवारचा नेहमीचा तास वेगळा.

जिन्यात सरांनी गाठलं. "ताई, इतकं कशाला करायचं? मला बोलायचं होतं की."

"बोलण्यासाठीच तर पोरीला घेऊन येऊन राहिले सर."

ते हसले नाहीत. पण शनिवारी आले. माझ्याआधी येऊन खोली झाडून बसले होते. शनिवारी त्या वेळेला माझा स्वयंपाक असतो, तो पोरींनी वाटून घेतला. होणाऱ्या डॉक्टरांनी तीन शनिवार भात करपवला.

आठ शनिवार काही झालं नाही. 'पापड' परत आलं, 'बाबा' परत आलं. नवव्या शनिवारी सरांनी मला आत बोलावलं, लेकीसमोर बसवलं, माझ्याकडं बोट केलं. लेक बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग जीभ दाताला लावून स्वच्छ म्हणाली, "ताई."

सर ओशाळले. "तुमच्याकडं बघून सगळे तेच म्हणतात ना. ती ओठ वाचते." हॉस्टेलच्या चाळीस पोरी, टेबलावरचे भाऊ, खुद्द सर. तिनं सात वर्षं बघितलं होतं आणि माझं नाव बरोबर ओळखलं होतं.

"चुकीचं बसलंय," सर म्हणाले. "पण ई आली, ताई. नुसता त काढायचा. उरलेल्या चार तासांत होईल. तोवर एक करा, या हाकेला ओ देऊ नका. न्हाईतर तेच पक्कं होऊन बसंल."

सरांचं मी सगळं ऐकते. त्यांनी सांगितलं म्हणून वीस सह्या केल्या होत्या. लेकीनं परत माझ्याकडं बघितलं आणि परत हाक मारली, जरा मोठ्यानं, मला ऐकू येत नसावं असं वाटून.

मी ओ दिली.