वरच्या मजल्यावरचे सिक्लिड

जर्मनीत, नेकारसुल्ममध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. मूळचे सांगलीचे, इथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. कुठलीही वस्तू जागची हललेली त्यांना खपत नाही. आमच्याकडे चहाला आले, तरी बोलता बोलता पायपुसणं पायानेच सरळ करतात.

आणि अशा माणसाने पाळलेत सिक्लिड! हे मासे वाळू उकरून झाडं मुळासकट उपटतात. गृहस्थ रोज कामावरून आले की बाही सारून झाड पुन्हा टँकच्या मधोमध लावतात. "आल्झो, झाड मधेच शोभतं," असं जर्मन 'तर मग' लावून म्हणतात. दुसऱ्या दिवशी झाड कोपऱ्यात.

संध्याकाळी झाड लावून झालं की वरून खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. वडील गेल्यावर त्यांनी आईंना इकडे आणलं आणि खिडकीशी, हायझुंगजवळ, म्हणजे भिंतीवरच्या हीटरजवळ, त्यांची खुर्ची मांडली. आई ती रोज स्वयंपाकघराच्या दाराशी नेतात, गृहस्थ संध्याकाळी परत खिडकीशी आणतात.

"आई, इथे ऊब आहे गं."

"असू दे. तिथून घरातली माणसं दिसतात."

गेल्या आठवड्यात तो आवाज बंद झाला. आईंना बरं नाही की काय, म्हणून मी वर गेले. टँकमधलं झाड कोपऱ्यातच होतं, दोऱ्याने दगडाला बांधलेलं.

"रोज तिथेच जात होतं," ते म्हणाले. "म्हटलं, राहू दे."

आई स्वयंपाकघराच्या दाराशी मटार सोलत बसल्या होत्या. पायाशी नवा छोटा हीटर होता. त्याची वायर मात्र भिंतीला अगदी सरळ रेषेत चिकटवलेली होती.