गटाराचा प्रमुख

डोंबिवलीत आमच्या चाळीमागे गटार नव्हतं. पावसाळ्यात मागच्या शेतातलं पाणी थेट तळमजल्याच्या खोल्यांत येई आणि आठवडाभर मुक्काम करी. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती, जिकडेतिकडे श्रमदान चाललं होतं. दर रविवारी आपणच खणून गटार ओढ्यापर्यंत न्यायचं, असं भाडेकऱ्यांच्या सभेत ठरलं. प्रमुख म्हणून मला निवडलं. माझं नाव निघालं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, एवढीच माझी पात्रता.

मला हुकूम सोडता येत नसे. रविवारी सकाळी मी दारोदार जाऊन "जमलं तर येता का?" असं विचारी. बायको म्हणाली, "अहो, गटार खणायला बोलावताय की हळदीकुंकवाला?" माणसं येत, पण चहा वगैरे आटोपून, सावकाश. तोवर मी एकटाच कुदळ मारत असे. आपण प्रमुख नसून नुसते पहिले मजूर आहोत, असं मनात पक्कं होत गेलं. मे उजाडला तरी गटार चाळीच्या कोपऱ्यावरची चिंच ओलांडेना.

शेजारच्या खोलीत लष्करात कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ राहत. बंदूक त्यांनी कधी धरली नसावी, पण आवाज आघाडीवरचा होता आणि गळ्यात शिट्टी असे. एका रविवारी ठाण्याहून एक पुढारी मोटारीने श्रमदानाला आले. घमेल्याला झेंडूची माळ घातली होती. पुढाऱ्यांनी चार ढेकळं उचलली, फोटो निघाला, आणि हात पुसत त्यांनी विचारलं, "इथले प्रमुख कोण?"

मी शेजाऱ्यांकडे बोट दाखवलं.

चिखलाचे पाय आणि पुटपुटता आवाज असला प्रमुख पाहुण्यांना दाखवायची मलाच शरम वाटली. पुढाऱ्यांनी आपल्या गळ्यातला हार शेजाऱ्यांच्या गळ्यात घातला. चाळ माझ्याकडे बघत होती आणि मी घमेल्याकडे.

पुढच्या रविवारी काम शिट्टीवर सुरू झालं. तळमजल्यावर राहणारे कंपाउंडर दवाखान्यातून उशिरा आले.

"या, महाराजांची स्वारी आली!" शेजारी त्यांच्या मुलांदेखत ओरडले. "पाणी तुमच्या घरात शिरणार आणि खणायचं आम्ही काय?"

कंपाउंडरांनी फावडं खाली ठेवलं आणि ते घरात निघून गेले. सगळ्यांचे हात थांबले.

मी शेजाऱ्यांजवळ गेलो. "शिट्टी खिशात ठेवा," म्हणालो.

"काय? मोठ्याने बोला की!"

मी तेच, तेवढ्याच आवाजात पुन्हा म्हटलं. त्याहून मोठा आवाज माझ्याकडे नव्हता. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली.

मग मी कंपाउंडरांच्या दाराशी गेलो. "चला, बोलवायला आलोय."

"तुम्ही कोण बोलावणारे? प्रमुख ते, हारवाले," ते म्हणाले. "आम्ही तुमच्या शब्दावर येत होतो, साहेब. तुम्ही आम्हाला परस्पर त्यांच्या हवाली केलंत."

इतके दिवस मी माझ्या मऊपणाला लाजत होतो. खरी लाज वाटायला हवी होती ती बोट दाखवल्याची, हे त्या उंबऱ्यावर कळलं, आणि मान वर होईना.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "प्रमुख मीच आहे."

"मला काय सांगता? बाहेर सांगा."

बाहेर जाऊन सगळ्यांपुढे सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आम्हाला कुठे शंका होती?" लोक हसले. त्या हसण्याने काही मला बरं वाटलं नाही.

कंपाउंडर बाहेर आले. फावडं उचलून म्हणाले, "कुठून खणू?"

"चिंचेच्या मुळापासून. ते आधी तोडायला लागेल."

ते वाकले. थोड्या वेळाने शेजारी घरातून कुऱ्हाड घेऊन आले आणि त्याच मुळावर घाव घालायला लागले. मी सरकून त्यांना जागा करून दिली.