सासूच्या नावाची हजेरी

घाटंजीच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी तीन हंगाम यंत्रात कापूस टाकला, तो सासूच्या नावानं. आमच्याकडे तशी रीतच होती. म्हातारीला धाप लागायला लागली की ती घरी बसायची आणि सून तिच्या जागी उभी राहायची. हजेरीबुकात नाव मात्र जुनंच. बाबूनं सासूचं नाव पुकारलं की मी "हाजीर" म्हणायची. नवं नाव लिहायला सांगावं तर जागाच जायची भीती, म्हणून कोणी तोंड उघडत नव्हतं.

तिसऱ्या हंगामात बायांच्या खात्यातल्या भिंतीवर एक छापील कागद चिकटवला गेला. चौथीपर्यंत शिकलेली मी एकटीच. "वाचून तं सांग वं, काय लिवलं?" म्हणून सगळ्या मागं लागल्या. मी वाचलं. बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे सुट्टी, तीही पगारी, आणि ती मालकाला द्यावीच लागेल.

"बाप्पा! घरी बसून पगार? गंमत करून राह्यली का?" एक बाई म्हणाली.

मला सातवा सरत आला होता. आदल्या साली पहिलं लेकरू असंच कापसाची पाटी उचलताना पोटातच गेलं होतं. हे मला काही केल्या वाचवायचं होतं. मी तडक मुनीमजींपुढं जाऊन उभी राहिले आणि कागदाप्रमाणे सुट्टी मागितली.

त्यांनी हजेरीबुक उघडलं. "तुहं नाव कुठी हाये यात? हे तं तुह्या सासूचं. वय अठ्ठावन. सासू बाळंत होनार हाये का?"

कचेरी खदखदून हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "तीन साल कापूस कोन टाकून राह्यलं, दिसत नाही का तुमाले?"

"कायदा नाव पाह्यते, बाई. उद्या जागेवर कोनी नसलं तं हेही नाव कापीन."

चूक माझीही होतीच. रोज सकाळी "हाजीर" मीच म्हणत होते ना!

घरी येऊन रडत रडत सासूला सांगितलं. ती म्हणाली, "नाव माह्यंच हाये ना? मंग उद्यापासून मीच जाईन."

"आत्याबाई, तुमाले धाप लागते."

"लागू दे. मले पाच झाले. दर टायमाले दहाव्या दिवशी पाटी उचलली. त्यातले दोनच जगले. तू निजून राय."

ती गेली. रोज संध्याकाळी यायची तेव्हा भुवयांवर कापसाचे तंतू असायचे. उंबऱ्यावर बसून खोकायची, पाणी मागायलाही दम पुरायचा नाही. मी आत पडून ऐकत असे. उठून तिला थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. मला लेकरू हवं होतं.

मुलगी झाली, धडधाकट. ती दीड महिन्याची होईस्तोवर सासू जिनात जात राहिली. मग एके दिवशी येऊन पडली ती उठलीच नाही. आठवड्यात गेली.

मुनीमजींनी तिचं नाव कापलं आणि रिकाम्या जागेवर माझं लिहिलं. पुढच्या लेकराच्या वेळी मला कायद्याची सगळी सुट्टी मिळाली, पगारासकट, कोणी हसलंही नाही. बारा आठवडे घरी होते. एक दिवसही सुखानं निजले नाही.