जयसिंहरावांच्या छातीची हवा

माधवगंजात जयसिंहरावांना मान होता तो एवढ्याचसाठी, की गणपतीच्या आरतीला त्यांचा शंख सर्वांत जास्त वेळ वाजायचा. पणजोबा फौजेत शिंग फुंकत. पणतू वीज कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले आणि घराण्याची उरलीसुरली मर्दुमकी गालांत साठवून बसले. त्या गालांतून हवेखेरीज काही निघाल्याचं त्यांच्या बायकोला, दुर्गाला, आठवत नव्हतं.

लेक मंजिरीनं बर्फातल्या ट्रेकसाठी फुगवायची गादी आणली. घडी केली की तांब्याएवढी. सोबत एक हलकी थैली. थैली गादीच्या व्हॉल्व्हला जोडायची, तिच्यात हवा धरायची, तिचं तोंड गुंडाळायचं, दाबायचं, गादी भरते.

"थैली? हे बायकी चोचले!" म्हणत जयसिंहरावांनी व्हॉल्व्हलाच तोंड लावलं.

"बाबा, मुँह से मत भरो ना! श्वासातली नमी आत राहते. तिकडे तिचा बर्फ होतो, गादी गार पडते."

"छातीची हवा आहे ही, नळाचं पाणी नाही!"

मंजिरी कॉलेजला गेली की यांचा दरबार भरे. येईल त्याच्यापुढे गादी फुगवायची, टाळी घ्यायची, पुन्हा गुंडाळून ठेवायची. आणि ती थैली? तिच्यातून ते नई सडकेवरून मटार आणत.

मंजिरी निघायच्या चार दिवस आधी दुर्गानं गादी उजेडाला धरली. आत थेंब चमकत होते. व्हॉल्व्ह उघडला, तर जर्द्याचा आणि कुबट फडक्याचा भपकारा. पोर बर्फात यावर झोपणार, आणि या माणसाची फुशारकी तिच्या पाठीखाली गोठणार!

तिनं थैली धुऊन वाळवली. मग दिवसभर गच्चीवर, सावलीतल्या कोरड्या वाऱ्यात, गादी थैलीनं भरायची, पिळायची, पुन्हा भरायची. व्हॉल्व्ह उघडाच. वास जाईपर्यंत रोज हेच.

मंजिरी निघताना जयसिंहरावांनी हात पुढे केला. "आण, एकदा भरून बघतो."

दुर्गानं त्या हातात शंख ठेवला. "अहो, फुंकायचंच असेल तर हा घ्या. याला बुरशी येत नाही."

बर्फातून खाली उतरल्यावर मंजिरीचा फोन आला. "आई, मस्त झोपले. बिलकुल ठंड नहीं लगी."

त्या दिवशी दुर्गा पोटभर जेवली. संध्याकाळी जयसिंहराव पानवाल्याला सांगत होते, "पोरगी बर्फात बापाच्या श्वासावर झोपली!"

मेथीची जुडी घेऊन दुर्गा मागेच उभी होती. तो श्वास तिनं केव्हाच गच्चीवरून पलीकडच्या हजीरा मोहल्ल्याच्या दिशेनं पिळून काढला होता.